रविवारी काय करायचं, हेही शिकवा

गेल्या हिवाळ्यात सांगलीकडचा एक मुलगा भेटला. तेवीसेक वर्षांचा असेल. जर्मनीतल्या श्टुटगार्टपासून तासाभराच्या अंतरावर एक लहानसं गाव आहे, तिथल्या वृद्धाश्रमात काम करत तो रुग्णसेवेचं शिक्षण घेतोय. कसं चाललंय विचारलं, तर म्हणाला, "कामाचं काही नाही ताई. आजी-आजोबा जीव लावतात. पण सुट्टीचा रविवार आला की खोली खायला उठते."

रविवारी इथे दुकानं बंद असतात. त्याच्या गावात बसही दोन-दोन तासांनी. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा भारतात रात्रीचे नऊ वाजलेले असतात. घरची माणसं जेवणं उरकून अंथरुणं घालत असतात. याला कुणाशी तरी बोलावंसं वाटायला लागतं, नेमकं तेव्हाच तिकडून "चल, झोपतो आता" येतं. मग मध्यरात्रीपर्यंत मोबाइल. गावात कुठे जातोस का, कुणाशी ओळख झाली का, असं विचारल्यावर म्हणाला, "करू की ताई. एकदा सेटल होऊ द्या. आत्ता कर्ज आहे डोक्यावर. मग बघू."

हे "मग बघू" मी इथे अकरा वर्षं ऐकतेय, आणि पहिली तीन वर्षं मीही तेच म्हणत होते. आधी भाषेची परीक्षा. मग नोकरी पक्की होऊ दे. मग इथे राहायचा कायमचा परवाना, मग घर, मग घराचे हप्ते, मग मुलांच्या शाळा. याला आपण बस्तान बसवणं म्हणतो, आणि आनंद त्या सगळ्याच्या शेवटी, सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर उरलं तर घ्यायचा. माझं म्हणणं असं आहे की हा क्रमच चुकलाय. परक्या मुलखात माणसाचं बस्तान बसतं तेच मुळी रोजच्या लहान लहान आनंदांनी. ते नसतील, तर हातात सगळे कागद असूनही माणूस दहा वर्षं स्टेशनवर बसल्यासारखा जगतो. आणि हा ज्याच्या-त्याच्या स्वभावाचा खाजगी मामला नाही. आता तर मुळीच नाही, कारण आपलं सरकारच तरुणांना इकडे पाठवायला निघालं आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. श्टुटगार्ट ही याच राज्याची राजधानी. सुरुवातीला १०,००० तरुण पाठवायचे, असं तेव्हा जाहीर झालं. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मन सरकारनेही सांगितलं की भारतातल्या कुशल कामगारांना वर्षाला दिले जाणारे व्हिसा २०,००० वरून ९०,००० पर्यंत वाढवू. या सगळ्याची चर्चा मी बारकाईने वाचत आले आहे. त्यात परिचारिका, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, चालक असे हुद्दे येतात, भाषेच्या पातळ्या येतात, पगाराचे आकडे येतात. ही मुलं संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी काय करतील, हा प्रश्न मला कुठे दिसला नाही. "मनुष्यबळ" या शब्दातला मनुष्य कामावरून सुटल्यावर कुठे जातो, याचा विचार पाठवणाऱ्यांनीही केलेला नाही आणि बोलावणाऱ्यांनीही.

ही चूक या देशाने एकदा करून पाहिली आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं पुरेनात, म्हणून पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये इटलीशी आणि १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार आणले. त्यांना "पाहुणे कामगार" म्हणत. तुर्की कामगारांना तर सुरुवातीला दोनच वर्षांची मुदत होती. आज ना उद्या जायचंच आहे, तर भाषा कशाला शिकवायची, असं सरकारला वाटलं. आणि आज ना उद्या जायचंच आहे, तर इथे जीव कशाला गुंतवायचा, असं त्या कामगारांना वाटलं. बराकीसारख्या वसतिगृहांत चौघा-चौघांनी राहायचं, पै-पै साठवायची, गावाकडे घर बांधायचं. १९७३ मध्ये भरती थांबली, तोवर सुमारे १ कोटी ४० लाख माणसं येऊन गेली होती. त्यातली १ कोटी १० लाखांच्या आसपास परतली. उरलेल्यांची नातवंडं आता माझ्या मुलीच्या वर्गात आहेत. त्या पिढीतले एक तुर्की आजोबा आमच्या रस्त्याच्या कोपऱ्यावर भाजी विकायचे. ते एकदा म्हणाले होते, "पुढच्या उन्हाळ्यात परत जाऊ, असं मी चाळीस उन्हाळे म्हटलं." त्यांनी ते अगदी साधेपणाने सांगितलं, मेथीसारखी दिसणारी एक जुडी माझ्या पिशवीत टाकता टाकता. मला त्या रात्री झोप लागली नाही.

आता लहान आनंद म्हणजे मला नेमकं काय म्हणायचंय, ते सांगते. सहलीला जाणं, बर्फात फोटो काढणं, आल्प्स बघून येणं मला अभिप्रेत नाही. ते पाहुण्यांचे आनंद झाले. परत परत येणारा, फुकट किंवा जवळपास फुकट, आणि ज्याच्यासाठी त्या जागेची काहीतरी माहिती लागते, असा आनंद मला म्हणायचाय.

उदाहरणार्थ, बेअरलाउख. शब्दशः अस्वलाचा लसूण. मार्चच्या शेवटी इथल्या बीच नावाच्या झाडांना पालवी फुटायच्या आधी जंगलातली सगळी जमीन या हिरव्या पानांनी झाकून जाते. तुम्ही पायवाटेने चालत असता आणि अचानक कुणीतरी लसणाची फोडणी दिल्यासारखा वास येतो. पहिल्या वर्षी त्या वासाने मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या मनात कराडचं आमचं स्वयंपाकघर उभं राहिलं. पण पानाला हात लावायचा धीर झाला नाही. कुणाचं जंगल, तोडलं तर दंड होतो की काय, पोलीस येतात की काय, असं सगळं डोक्यात. परदेशात नव्या माणसाच्या मनात ही भीती सतत असते, की आपल्याला न सांगितलेला एखादा नियम आपल्याकडून मोडेल.

ते पान मला दाखवलं आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर राहणाऱ्या आजींनी. एका एप्रिलमध्ये त्या मला घेऊन गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, आधी देठ बघायचा. बेअरलाउखचं प्रत्येक पान जमिनीतून आपापल्या वेगळ्या देठावर येतं. त्याच्यासारखंच दिसणारं दुसरं एक पान असतं, मायग्ल्योकशनचं. त्याची पानं एकाच दांड्याला जोडीने येतात, आणि ते विषारी. मग पान उलटं करायचं. बेअरलाउखची मागची बाजू निस्तेज असते, दुसऱ्याची चकचकीत. वासावर विसंबायचं नाही, कारण चार पानं तोडली की तुमच्या बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि मग जगातलं प्रत्येक पान लसणाचंच वाटतं. कायद्याचंही त्यांनीच सांगितलं. संरक्षित क्षेत्र सोडून इतर ठिकाणी, हातात मावेल एवढी जुडी स्वतःसाठी घ्यायला मुभा आहे. जंगल कुणाच्या खाजगी मालकीचं असलं, तरी विरंगुळ्यासाठी त्यात फिरायचा हक्क सगळ्यांना आहे, १९७५ च्या वन कायद्याने दिलेला. सगळ्यांना म्हणजे मलाही. पासपोर्ट कुठला, हे तो कायदा विचारत नाही.

त्या संध्याकाळी मी ती पानं बारीक चिरून भाजणीत मळली आणि थालीपीठ लावलं. एक ताटली खाली आजींकडे नेऊन दिली. त्यांनी ते बोटांनी तुकडा मोडून खाल्लं, वर लोणी लावून. त्यानंतर दर एप्रिलमध्ये हे होतं. दर एप्रिलमध्ये होतं, हे महत्त्वाचं, कारण आपल्या माणसांत राहणं म्हणजे तरी काय असतं? कुठल्या महिन्यात काय येणार, हे न सांगता कळणं. गावाकडे आपल्याला ते जन्मतःच मिळतं. मृग लागल्याशिवाय तिफणीला हात लावायचा नाही, हे माझ्या आजोबांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. इथेही तसंच आहे. मे महिन्याच्या ११ ते १५ तारखांना "बर्फाचे संत" म्हणतात. त्यातली शेवटची "थंड सोफी". ती गेल्याशिवाय गॅलरीत टोमॅटोचं रोप उघड्यावर ठेवायचं नाही, कारण तोवर कधीही रात्रीत दहिवर गोठून रोप मरतं. मी पहिल्या दोन वर्षी एप्रिलमधल्या उन्हाला भुलून टोमॅटो-मिरचीची रोपं बाहेर ठेवली आणि घालवली. तिसऱ्या वर्षी सोफीची वाट पाहिली. जून संपता संपता मिरचीला पहिलं फूल आलं, तेव्हा मला या मातीचं पंचांग वाचता यायला लागलं, असं वाटलं. कायमच्या परवान्याचं कार्ड हातात आलं त्या दिवशीसुद्धा एवढं वाटलं नव्हतं.

अशा गोष्टी या श्टुटगार्ट शहरात किती तरी आहेत. बाड कानश्टाट भागात जमिनीतून खनिज पाणी वर येतं, बुडापेस्टच्या खालोखाल युरोपातला हा सर्वांत मोठा साठा मानतात. रस्त्यालगतच्या कारंज्यांवर ते फुकट प्यायला मिळतं. खारट लागतं, लोखंडाची चव असते, आवडायला वेळ लागतो. टेकड्यांवरून शहरात उतरणारे चारशेच्या वर जिने आहेत, द्राक्षमळ्यांच्या कडेकडेने जाणारे. पांढऱ्या ठोकळ्यासारखं दिसणारं, २०११ साली उघडलेलं मोठं वाचनालय आहे. तिथे दिवसभर बसलात तरी कुणी उठवत नाही. लहान वाचकांच्या मजल्यावर माझी मुलगी जर्मन वाचायला शिकली आणि तिच्या शेजारी बसून मीही.

हे आनंद आपोआप पडलेले नाहीत, हा माझ्या म्हणण्याचा गाभा आहे. कुणीतरी जंगलाचा कायदा केला, कुणीतरी वाचनालय बांधलं, कुणीतरी कारंज्याचा नळ दुरुस्त ठेवतं. आणि त्या सांगलीच्या मुलाला खायला उठणारा तो रविवारसुद्धा कुणीतरी भांडून मिळवलेला आहे. जर्मनीच्या १९१९ च्या राज्यघटनेत लिहिलं गेलं की रविवार हा कामातून विसाव्याचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस म्हणून कायद्याने राखलेला राहील. ते कलम १९४९ च्या घटनेत जसंच्या तसं घेतलं आहे. मनाची उन्नती, हे शब्द घटनेत आहेत! मला ते कळलं तेव्हा पहिली आठवण झाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांची. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. लोखंड्यांनी १८८४ मध्ये कामगारांची संघटना उभी केली, सभा घेतल्या, वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, आणि १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. कामगाराला त्या दिवशी देवाला जाता यावं, घरच्यांत बसता यावं, समाजाचं काही करता यावं, असं त्या मागणीमागचं म्हणणं होतं. म्हणजे रोजच्या आयुष्यातला आनंद हा हक्क आहे, हे आपल्याकडच्या माणसाने सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे. त्याच महाराष्ट्रातून आज मुलं इथे येतात आणि हातात आलेल्या रविवारचं काय करायचं, हे त्यांना ठाऊक नसतं. याचं मला फार वाईट वाटतं.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो रास्त आहे. माझी एक मैत्रीण म्हणते, तू पानं गोळा कर, पण घर भाड्याने मागताना आपलं आडनाव ऐकून फोन ठेवतात त्याचं काय? खरं आहे. माझ्याही बाबतीत झालंय. एका घरमालकाने जागा बघायला बोलावलं, दारात मला पाहिलं आणि घर आत्ताच गेलं म्हणून सांगितलं. पुढचे दोन आठवडे ती जाहिरात तशीच होती. २०२५ च्या जर्मन संसदेच्या निवडणुकीत स्थलांतरितांना विरोध करणारा पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसऱ्या क्रमांकावर आला. आम्ही इथे कर भरतो, पण नागरिकत्व घेतल्याशिवाय साध्या नगरपालिकेलाही मत देऊ शकत नाही. आणि भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, म्हणून जर्मन पासपोर्ट घ्यायचा तर भारतीय परत करायचा. त्या निर्णयापाशी कित्येक घरं वर्षानुवर्षं अडून आहेत.

या सगळ्यावर थालीपीठ हा उपाय आहे, असं मी म्हणत नाही. गोड मानून घ्या आणि गप्प बसा, असं तर कधीच म्हणणार नाही. पण माझा अनुभव असा आहे की जो माणूस इथे फक्त वाट बघत बसलेला असतो, तो अन्याय झाला की आणखी आक्रसतो. आपलं इथे आहेच काय, जाऊ दे, म्हणतो. ज्याचं या जागेशी काही नातं जुळलंय, तो बोलतो. त्या घरमालकाचं मी खालच्या आजींना सांगितलं, तेव्हा त्या संतापल्या आणि भाडेकरू संघटनेचा पत्ता मला त्यांनीच लिहून दिला. आम्ही एकत्र पानं तोडलेली नसती, तर हे मी त्यांना सांगितलंच नसतं.

दुसरी अडचण वेळेची. रात्रपाळी करणारी नर्स, कर्ज काढून आलेला आणि संध्याकाळभर सायकलवर जेवणाचे डबे पोचवणारा विद्यार्थी, यांना "जंगलात जा" सांगणं सोपं आहे. त्यांना आधी झोप हवी. म्हणूनच मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणते. पाळ्यांचं वेळापत्रक वेळेवर मिळणं, दोन पाळ्यांमधली विश्रांती खरोखर मिळणं, एजंटाने घेतलेल्या पैशांचा डोंगर डोक्यावर नसणं, यावर आनंद अवलंबून असतो. आपलं सरकार करार करतं, तेव्हा यातलं बरंच त्याच्या हातात असतं. एका गावात एकटा मुलगा न पाठवता दोघे-तिघे पाठवणं तर नक्कीच असतं.

आणि प्रशिक्षणाचं. भाषेच्या वर्गात "माझे नाव अमुक आहे, मला डोके दुखते आहे" शिकवतात, ते लागतंच. त्यासोबत, इथे राहून परतलेल्या एखाद्या माणसाला बोलवून पाच-सहा रविवार सांगायला लावा. गावागावांत फेराइन नावाची मंडळं असतात, टेबल टेनिसची, गाण्याची, अग्निशमनाची. त्यांची वर्गणी थोडी असते, आणि आठवड्याच्या ठरलेल्या वारी तिथे गेलात की तीन महिन्यांत लोक तुम्हाला नावाने हाक मारतात. जर्मन माणूस रस्त्यात ओळख करून घेत नाही, फेराइनमध्ये घेतो. हे एक वाक्य मला कुणी विमानतळावर सांगितलं असतं, तर माझी तीन वर्षं वाचली असती.

आपली महाराष्ट्र मंडळं इथे मनापासून काम करतात. गणपतीत आरतीला दोनशे माणसं उभी राहतात, दिवाळीचा फराळ घरोघरी पोचतो, आणि मी त्यात दरवर्षी असते. पण नव्या मुलाला सगळ्यात जड जातो नोव्हेंबर, जेव्हा दिवाळी होऊन गेलेली असते आणि ऊन दिसत नाही. मंडळाने महिन्यातून एक रविवार नुसतं चालायला न्यावं. हॉल नको, माइक नको, सत्कार नको.

घरच्यांनाही माझं एक सांगणं आहे. फोनवर "किती शिल्लक पडले, घर कधी घेतोस" याच्या आधी "आज काय बघितलंस" असं विचारा. माझी आई पहिल्या वर्षापासून "जेवलीस का" विचारायची. ते प्रेमच होतं, पण त्याला उत्तर एकच असायचं. एके दिवशी तिने विचारलं, "तुझ्या दारात सध्या कसलं झाड फुललंय?" मला सांगता येईना. मी खाली जाऊन बघून आले.

घेण्याबरोबर देण्याचाही भाग आहे, आणि तो मला इथल्या केरवोखने शिकवला. आमच्या श्वाबियन भागातली, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या मुलखातली, ही जुनी रीत. इमारतीचा जिना झाडायची पाळी आठवड्याआठवड्याने प्रत्येक घरावर येते. पाळी असेल त्याच्या दाराला एक पाटी लटकते, झाडून-पुसून झालं की ती शेजारच्या दाराला लावायची. शब्दात आपला "केर" ऐकू येतो, म्हणून तो मला पहिल्यापासून जवळचा वाटला. कित्येक नवे लोक या पाळीला वैतागतात, पैसे देऊन कुणाला तरी लावतात. मी ती सोडत नाही. शनिवारी सकाळी जिना पुसताना वरचे, खालचे, सगळे जाता-येता थांबतात, दोन शब्द बोलतात. आई सडा घालायची तेव्हा गल्ली अशीच थांबत-बोलत जायची.

तो मुलगा आता मंगळवारी टेबल टेनिस खेळायला जातो. सगळं बदललंय असं नाही. कर्ज आहे, परीक्षा आहे, एखादा रविवार अजूनही वाईट जातो, हे तो मोकळेपणाने सांगतो. गेल्या आठवड्यात त्याचा फोटो आला, तळहातावर एक लांबट हिरवं पान, मागे त्याच्या गावाबाहेरचं जंगल. खाली लिहिलं होतं, "ताई, हे तेच का? वास तर येतोय."

मी लगेच फोन केला आणि म्हटलं, वास सोड, आधी बोटं धू. मग खाली बस आणि देठ बघ. एका देठाला एकच पान आहे का?

पलीकडून पाचोळ्याचा आवाज येत राहिला, आणि मग तो हळू आवाजात म्हणाला, "थांबा ताई, मोजतोय."